रकाना चौदा

रकाना चौदा : परकीय भाषा. किमान दोन वर्षे. पुरावा जोडावा.
तेरापर्यंत माझं पेन
कोर्लईहून सुटलेल्या रिकाम्या एसटीसारखं धावलं,
इथे येऊन बंद पडलं.

शेडगेबाई म्हणाल्या, फ्रेंच? जर्मन?
टूरिझमला घेतात त्यातली कुठली?
मी म्हटलं, घरी बोलतो ती आहे एक.
घरची गं परकी कशी, असं म्हणून
त्यांनी तरी नाव विचारलं.

इथेच पंचाईत.
तिला नाव असं कुणी ठेवलंच नाही,
आम्ही तिला 'आमची भाषा' म्हणतो, तिच्याच शब्दांत :
नॉ लिंग.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"लिंग वर भरलंस की. स्त्री. झालं."
रांगेतली दोन पोरं खिदळली.
मीही हसले. न हसणं
जास्त महागात गेलं असतं.

पहाटे आई टोपलीत मुळे रचते ते नॉ लिंगमध्ये.
साळावचा पूल ओलांडून
रेवदंड्यात टोपली उतरली की मराठी,
तीही कोळणीशी एक
आणि बंगलेवाल्या बाईंशी निराळी, जरा इस्त्रीची.
मिस्सा मराठीत. पाढे मराठीत.
भांडण ज्याच्याशी, त्याच्या बोलीत.
मी झोपेत कशात बडबडते
ते धाकटा नेल्सन रोज वेगळं सांगतो,
त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पुराव्यासाठी फादरांकडे गेले.
फादर वसईचे, त्यांना आमची भाषा येत नाही,
पण लेटरहेड त्यांच्याकडे आहे.
"दाखला देण्यात येतो की कु. इडालिना पास्कल रोशा
हिला जन्मापासून..."
आणि थांबले.
"परकीय असंच लिहू?"
खिडकीबाहेर कुणीतरी वालाच्या वाफ्यातून
बकरी हुसकत होतं, आमच्याच भाषेत.
बकरीला ती नीट कळत होती.
मी म्हटलं, लिहा.

तेवढ्याने भागलं नाही.
बाईंनी पणजीच्या कुठल्याशा सरांना फोन लावला, स्पीकरवर.
त्यांनी काहीतरी विचारलं.
खाडीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसं आलं :
आवाज ओळखीचा,
निम्मे शब्द वाऱ्याने नेलेले.
मी अंदाजाने उत्तर दिलं. गावचं, घरचं,
बापाच्या भातशेतीचं.
तिकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग सर मोडक्या मराठीत म्हणाले,
"बाय, शब्दांची शेपटं खंय गेली तुझ्या?"
मी म्हटलं, खाडीत असतील, सर.
इतके पावसाळे झाले.
ते हसले, पण त्या पोरांसारखे नाही.
"पोर्तुगीज म्हणून सही करता येणार नाही मला.
पण नाही म्हणूनही
करवत नाही."

शेडगेबाईंनी चौदाव्यात 'इतर' लिहिलं,
वर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह,
खोडता यावं असं.
स्टेपलर मारला. यादी गुरुवारी.

घरी आई मोरीत मुळे धूत होती.
काय लिहिलंस, म्हणाली.
सांगायला लागले आणि अडले :
परकी, याला आमच्यात शब्दच आठवेना.
एक आठवला तो पाहुण्याचा निघाला,
एक समुद्राचा.
शेवटी आमच्या वाक्यात
मराठीचा उसना घातला.
आईने तो तोंडात घोळवून पाहिला.
"परकी. कुणाला?"
आणि ओल्या हाताने
मुळ्यांची दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली.